अक्षय गोळी घेऊन कॉव्हेंट्रीला

स्टॅनमोर, ९ ऑक्टोबर

सकाळी सुलभाताईचा फ्रीझर साफ करायला घेतला. सुलभाताई माझी थोरली बहीण. तिचा उजवा गुडघा नुकताच बदलला होता, वाकायला बंदी होती, आणि तिच्या फ्रीझरचे खण जमिनीलगत. या गुडघ्यासाठीच मी मिरजेहून लंडनला गेले होते. प्रेक्षणीय स्थळं बघायला नव्हे, आणि ती मी बघितलीही नाहीत. राजवाडा, घड्याळ आणि पूल यांची वर्णनं इतरांनी भरपूर करून ठेवली आहेत.

फ्रीझरमध्ये आइस्क्रीमचे रिकामे डबे भरून काय काय ठेवलेलं होतं. आमटी, वाटण, ओलं खोबरं, कुठल्या तरी वाढदिवसाचं श्रीखंड. एकावरही लेबल नाही. माझा आयुर्वेदिक औषधांचा छोटा कारखाना आहे. आसवं, अरिष्टं, चूर्णं. लेबल नसलेला डबा समोर असला की मला धड बसवत नाही. मी एकेक डबा उघडून, वास घेऊन, चिकटपट्टीवर नाव लिहून लावत होते. सगळ्यात मागे, मटारच्या पिशवीखाली, अंगठीची असते तशी एक डबी निघाली. आत कापूस, कापसात वाटाण्याएवढा खळगा आणि खळग्यात काही नाही.

तेवढ्यात भाऊजी चहाचा कप ठेवायला आले. डबी बघून म्हणाले, "ती माझी," आणि खिशात टाकली. फ्रीझरमध्ये कशाला ठेवली, असं मी विचारलं. सुलभा सध्या तिथवर वाकू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. उत्तर खरं होतं, म्हणून मी तेव्हा पुढे विचारलं नाही.

दिनकर भाऊजी इथल्या कौन्सिलच्या ड्रेनेज खात्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, क्रूझवर जातात. भाऊजी लायब्ररीत गेले आणि तिथे त्यांना सोळाव्या-सतराव्या शतकातले किमयावैद्य सापडले. युरोपातली ही मंडळी सोनं करण्याच्या नादात नव्हती, असं भाऊजी बजावून सांगतात. त्यांना औषधं करायची होती, तीही धातूंची आणि खनिजांची, भट्टीवर. जुने वैद्य म्हणायचे की शरीरात चार रस असतात आणि ते बिघडले की रक्त काढावं. हे म्हणायचे की शरीरात मीठ, गंधक आणि पारा अशी तीन तत्त्वं आहेत. पोटात एक छोटा किमयागार बसलेला असतो, तो खाल्लेल्या अन्नातलं चांगलं आणि वाईट वेगळं करतो. तो आळशी झाला की माणूस आजारी पडतो.

"म्हणजे आपला जठराग्नी," मी म्हटलं.

"अग्नी नाही. हा कामगार आहे," भाऊजी म्हणाले. "ड्यूटीवर असतो."

त्यांच्या अनुयायांचा शब्दसंग्रह मोठा आहे आणि भाऊजी तो जेवताना वापरतात. गुप्त औषध म्हणजे आर्केनम. वेगळं करून पुन्हा जोडायची विद्या म्हणजे स्पॅजिरिक. हा शब्द म्हणे दोन ग्रीक क्रियापदं चिकटवून बनवलेला आहे. जुन्या पंथाचे वैद्य यांना वैदू आणि कोळसेवाले म्हणायचे. हे स्वतःला कलेचे पुत्र म्हणवून घ्यायचे. कन्यांचं काय, असं सुलभाताईने सोफ्यावरून विचारलं.

कॉव्हेंट्रीला अशा हौशी लोकांचं एक वाचनमंडळ आहे आणि भाऊजी त्याचे सभासद आहेत. वार्षिक सभा शनिवारी होती. मी येणार म्हटल्यावर त्यांनी परस्पर माझं भाषण ठरवून टाकलं होतं, विषय भारतीय भस्मं. मंडळाची एक मौल्यवान वस्तूही त्यांच्याकडे होती. ती दरवर्षी एकाने सांभाळायची आणि सभेत पुढच्याच्या हाती द्यायची. ती वस्तू म्हणजे अक्षय गोळी.

अँटिमनी म्हणजे जुन्या सुरम्यातला धातू. त्या काळी त्याची वाटाण्याएवढी गोळी ओतून घ्यायचे. पोट तटलं की गिळायची. ती आतून जाताना काम करायची, पलीकडून जशीच्या तशी बाहेर यायची, मग धुऊन कपाटात. पुढच्या वेळी तीच, घरातल्या दुसऱ्या कुणासाठी. एकच गोळी बापाकडून मुलाकडे जायची.

"धुवायचं कुणी?" मी विचारलं.

भाऊजींनी आठवून बघितलं. "पुस्तकांत तसा उल्लेख नाही."

"म्हणजे बायकांनी," सुलभाताई म्हणाली.

सकाळच्या डबीत तीच गोळी होती का, असं मी विचारल्यावर भाऊजी म्हणाले, "हो, पण सध्या तिची जागा बदलली आहे." मग त्यांनी ताटातली अर्धी पोळी बाजूला सारली. भाऊजी पोळी टाकणारे नव्हेत. त्यांच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं, तेही मी पाहिलं होतं. सुलभाताईच्या गुडघ्यामुळे घरात स्वयंपाकाची आबाळ झाली असेल असं मी धरून चालले. तिच्या मते ते निवृत्त झाल्यापासून पुस्तकंच खात होते.

एम वन, शनिवार

भाऊजी गाडी चालवत होते. सुलभाताईजवळ एजवेअरची तिची मैत्रीण येऊन बसली होती. इंग्लंडमधला मोटरवे म्हणजे दोन्ही बाजूंना हिरवळ आणि मध्ये सगळे गप्प. हॉर्न नाही. कोणी खिडकीतून हात काढून काही सांगत नाही. मिरज-सांगली रस्त्यावर एका फेरीत जेवढं संभाषण होतं तेवढं इथे आयुष्यात होत नसावं.

अर्ध्या वाटेवर सर्व्हिसेस, म्हणजे मोटरवेवरचा खाण्यापिण्याचा थांबा, आला. इथे लोक देवदर्शनाच्या गांभीर्याने थांबतात, रांगेत उभे राहून वाईट कॉफी घेतात. भाऊजींचा नेम ठरलेला आहे, बटाट्याचे चिप्स आणि त्यावर व्हिनेगर. सुलभाताईने मला आधीच सांगितलं होतं की त्यांना आवर. त्यांनी घेतलंच नाही. टेबलावर हात ठेवून बसले आणि ओठ मिटून कळ सोसली. मी कॉफी बाजूला ठेवली.

"गोळी कुठे आहे?" मी विचारलं.

"मागच्या रविवारी घेतली," ते म्हणाले. "मधातून. अनशापोटी."

आजच्या शनिवारपर्यंत ती बाहेर आली नव्हती.

मी कारखानदार आहे, त्यामुळे आधी मला रागच धंद्याचा आला. आमच्याकडे धातू असा कोणी नुसता गिळत नाही. तो तापवून तेलात, ताकात, गोमूत्रात, कांजीत आणि कुळथाच्या काढ्यात पुन्हापुन्हा विझवतात. मग वनस्पतींच्या रसात घोटून भट्टी लावतात, राख पाण्यावर तरंगेपर्यंत. माझे सासरे हे सगळं करायचे. मी कारखाना हाती घेतल्यावर तेसुद्धा बंद केलं, कारण प्रत्येक बॅच लॅबमध्ये तपासून घ्यायची माझी तयारी होती आणि ग्राहकांची तेवढं थांबायची नव्हती. आणि हे गृहस्थ सुरम्याचा अख्खा छर्रा मधात बुडवून घेतात. मी हे सर्व त्यांना ऐकवलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपली खुर्ची सौम्यपणे पलीकडे सरकवली.

मग मी मूळ प्रश्न विचारला, घेतलीच का. त्यांनी सांगितलं ते असं. या देशात साठीनंतर सरकार घरी एक किट पाठवतं. त्यात काडीने शौचाचा नमुना घेऊन पोस्टाने पाठवायचा. भाऊजींनी तो नेमाने पाठवला. त्यात रक्त निघालं. कॅमेऱ्याने तपासायची तारीख मिळाली, आणि नेमकी त्याच दिवशी सुलभाताईच्या गुडघ्याची तारीख होती. भाऊजींनी फोन करून स्वतःची रद्द केली. नवीन मागतो म्हणाले आणि मागितली नाही. मग पोट तटायला लागलं. फ्रीझरमध्ये पोट साफ करणारी, बापाकडून मुलाकडे जाणारी गोळी पडलेली होती.

"सुलभाताईला माहीत आहे?"

"तिचा गुडघा होऊ दे."

"तिला आज सांगायचं. तुम्ही."

त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मी हॉस्पिटलला जायचं म्हटलं. भाऊजी म्हणाले, आता मागे लंडन जेवढं लांब त्याहून पुढे कॉव्हेंट्री जवळ, आणि सभेचा हॉल हॉस्पिटलच्या वाटेवरच आहे. गोळी आज परत करतो असा शब्द दिलेला आहे. निदान का देता येत नाही ते तोंडाने सांगायला हवं. मला गाडी चालवता येते, पण लायसन मिरजेलाच राहिलं होतं. तेव्हा ठरलं की आधी हॉलमध्ये निरोप, मग थेट हॉस्पिटल, आणि भाषण रद्द. भाषण रद्द झाल्याचं त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

कॉव्हेंट्री

चर्चच्या मागचा हॉल. घडीची टेबलं, अंड्याची सँडविचेस, लिंबाचा केक आणि पाणी उकळायची एक मोठी टाकी, जिच्याशिवाय इंग्रज माणूस सभा भरवत नाही. दहा-बारा सभासद होते, सगळे निवृत्त. अध्यक्ष मार्जरी, पूर्वी शाळेत केमिस्ट्री शिकवायच्या. ऐंशीच्या आसपास, काठीसारख्या ताठ, अंगात स्वतः विणलेला स्वेटर.

त्यांनी आम्हाला आधी त्यांच्या बाटल्यांपाशी नेलं. घराच्या गॅरेजमध्ये त्या रोझमेरीचा अर्क काढतात, उरलेला चोथा जाळून राख करतात, राख पाण्यात कालवून गाळून आटवतात आणि निघालेलं मीठ परत अर्कात घालतात. हेच ते स्पॅजिरिक. आमच्याकडे आघाड्याचा क्षार असाच करतात, मी म्हटलं. त्या इतक्या खूश झाल्या की माझा हात धरून ठेवला. प्रत्येक बाटलीवर सुंदर अक्षरात नाव आणि खाली एक लॅटिन शब्द, 'प्रोबातुम'. जुन्या वह्यांत गुण आलेल्या औषधापुढे असं लिहायचे, म्हणजे आजमावून बघितलंय.

"कोणी आजमावलं?" मी विचारलं.

"छे, कोणीच नाही," मार्जरी म्हणाल्या. "मूळ पुस्तकात तसं होतं म्हणून लिहिलं."

तोवर टेबलाच्या मधोमध एक रिकामी बशी ठेवून सगळे बसले होते. रिवाज असा की गोळी बशीतून एका हातून दुसऱ्या हाती फिरते, प्रत्येक जण बघतो, आणि नवा सांभाळणारा ती घरी नेतो. सगळे भाऊजींकडे बघत होते. भाऊजींनी खिशातून डबी काढली, उघडली, मिटली. पुढे त्यांच्याच्याने होईना.

"गोळी त्यांच्या पोटात आहे," मी इंग्रजीत सांगितलं.

पाण्याची टाकी तेवढी खदखदत होती. मग टेबलाच्या टोकाचे एक गृहस्थ अत्यंत अदबीने म्हणाले, "पण ती घेण्यासाठी नाहीये."

तेव्हा मला उलगडा झाला. या लोकांनी वर्षानुवर्षं ती गोळी बशीतून फिरवली, तिच्यावर निबंध वाचले, आणि ती तोंडात टाकायचं एकाच्याही मनात आलं नाही. त्यांची स्वतःची बीपीची गोळी पर्समध्ये असते, ती ते वेळेवर घेतात. आमच्या घरांत असं होत नाही. औषध घरात आहे आणि दुखतंय, तर ते घेतलं जातं. मग ते आजोबांचं असो, शेजाऱ्याचं असो की म्युझियमचं. संपूर्ण मंडळात कलेचा खरा पुत्र एकच निघाला, आणि तो ड्रेनेजचा.

एक-दोघांना लक्षणं विचारायची होती. एकाने वहीसुद्धा काढली. मार्जरींनी त्यांना "नंतर" एवढंच म्हटलं, भाऊजींपुढे हात केला आणि गाडीची किल्ली मागितली. "दिनकर, तुम्ही मागे बसा." त्यांनी आम्हाला हॉस्पिटलात सोडलं, गाडी लावून आल्या आणि खुर्चीत बसून विणायला लागल्या. जा म्हटलं तरी गेल्या नाहीत.

इथल्या ए अँड ईमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, पुष्कळ बसावं लागतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ते खरं आहे, त्याबद्दल आणखी लिहीत नाही. शेवटी एक तरुण डॉक्टर आली. गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला बाबासाहेबांचा छोटा फोटो. नाव प्रज्ञा. तिचे आजोबा नागपूरहून इथल्या कारखान्यात कामाला आले होते, ती जन्मली वाढली इथेच. आडनाव वाचून तिने मराठी काढलं.

"काका, तुमचा पोट कधीपासून दुखते?"

भाऊजी म्हणाले, थोडंसं. मी म्हटलं, खरं सांगा. मग त्यांनी किटपासून सगळं सांगितलं आणि ती टाइप करत गेली.

"अँटिमनी," ती म्हणाली. "ओके. कशाबरोबर घेतला?"

"मधाबरोबर."

तिने तेही टाइप केलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. या मुलीला आमच्या कारखान्यात तक्रार विभागात घ्यायला मला आवडलं असतं.

एक्स-रेमध्ये गोळी स्वच्छ दिसली, पांढरी, गोल, डाव्या बाजूला खाली. नंतर स्कॅन केला. प्रज्ञाने पडदा ओढून घेतला, स्टुलावर बसली आणि हळू बोलली. आतडं एका जागी अरुंद झालंय, तिथे गाठ आहे, गोळी तिच्या अलीकडे अडकली आहे. आजच ठेवून घेणार, एक-दोन दिवसांत ऑपरेशन. गाठ कसली ते काढल्यावर कळेल, पण तिला अंदाज आहे आणि काकांनाही असावा. तिने सही मागितली. भाऊजींनी पेन घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं.

"सुलभाला विचारल्याशिवाय मी सही करत नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातात फोन दिला आणि स्पीकर लावला.

"सुलभा, व्यायाम झाला का तुझा?"

"कुठे आहात?"

"कॉव्हेंट्रीला."

"ते माहितेय. कॉव्हेंट्रीत कुठे?"

मग त्यांनी सांगितलं. इंजिनिअर माणूस, क्रमाने सांगितलं; किट, तारीख, गोळी, अडथळ्याची जागा.

"तारीख रद्द केलीत आणि मला बोलला नाहीत?"

"तुझ्या गुडघ्याची तारीख तीच होती."

"गुडघा थांबला असता," सुलभाताई म्हणाली. "गुडघा कुठे पळून जात होता?" मग म्हणाली, "सही करा. आणि मेधाला फोन द्या."

मला तिने फक्त दोन गोष्टी सांगितल्या. त्यांचा चष्म्याचा डबा गाडीत राहिला असेल तो घे, आणि रडू नकोस. मी रडत नव्हते. ती मात्र रडत होती, म्हणून मी हो म्हटलं. भाऊजींनी सही केली होती.

पुन्हा स्टॅनमोर

ऑपरेशन नीट झालं. मी परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि मार्जरींच्या घरी मुक्काम केला. त्या रोज उकडलेले बटाटे करत. मी एकदा त्यात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घातली. त्यांनी ते दोनदा वाढून घेतलं आणि फोडणीला रसायनशास्त्राच्या दृष्टीने काय म्हणता येईल यावर विचार केला.

गाठ कर्करोगाची होती. बाहेर फार पसरली नव्हती, पण पुढे काही महिने औषध घ्यावं लागणार होतं. सुलभाताई काठी टेकत डिस्चार्जच्या दिवशी आली, तेव्हा प्रज्ञाने हे आम्हाला एकत्र बसवून सांगितलं. त्या औषधांपैकी एकात प्लॅटिनम असतं, असंही ती बोलता बोलता म्हणाली. हे त्यांच्यासमोर बोलू नकोस, असं तिला आधी सांगून ठेवायला हवं होतं.

"धातू?" भाऊजी उठून बसले. "शिरेतून धातू देणार?"

तेव्हापासून ते बरेच बरे आहेत. चारशे वर्षांपूर्वी कोळसेवाल्यांनी जे सांगितलं तेच आता सरकारी खर्चाने करतात, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. सुलभाताई म्हणते, करू दे, औषध घेतायत ना.

आम्ही हॉस्पिटलातून निघताना प्रज्ञाने झाकणाच्या बरणीत गोळी दिली होती. मंडळाने कळवलं होतं की परत करण्याची मुळीच गरज नाही. ज्या सुरात कळवलं होतं त्यावरून ते मनापासून असावं. भाऊजी ऐकेनात. शब्द दिलेला आहे, म्हणाले. स्टॅनमोरला आल्यावर संध्याकाळी त्यांनी अंगठीच्या डबीवर एक लेबल चिकटवलं, त्यावर ठळक अक्षरात 'प्रोबातुम'.

मी हरकत घेतली. माझ्या कारखान्यात असं लेबल मी लावू दिलं नसतं. गोळीने काहीही केलेलं नाही, ती नुसती अडकली.

"अडकली म्हणून तर कळलं," भाऊजी म्हणाले.

"किटने आधीच कळवलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

"ते मी ऐकलं नाही. हिचं ऐकावं लागलं."

यावर सुलभाताईला मत विचारलं. तिने भाऊजींच्या ताटाकडे बघितलं. त्यांनी पोळी संपवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी मागच्या अंगणात नेली, कारण किचनच्या सिंकला सुलभाताईने सक्त मनाई केली होती. बागेच्या नळाखाली आधी भांड्याच्या साबणाने, मग जंतुनाशकाने धुतली, पुसली, नवीन कापसात बसवली. भाऊजींचं लेबल नखाने उचकटायला घेतलं आणि एक कोपरा सुटल्यावर पुन्हा दाबून बसवलं. त्याच्याखाली माझं दुसरं लेबल लावलं, इंग्रजीत, मार्जरींना वाचता यावं म्हणून: 'धुतलेली आहे. पुन्हा गिळू नये.' मग कोट घालून पोस्टात गेले.